निबंध क्रमांक तीन

सकाळी पावणेनऊच्या सुमाराला, पाळणाघराच्या दाराशी वाकून तो छोट्या छोट्या बुटांच्या जोड्या लावत असताना, एका अडीच वर्षांच्या मुलीनं त्याला "मावशी" अशी हाक मारली आणि तो चक्क मागे वळून बघू लागला. मागे कोणी नव्हतं. भिंतीला टेकवून ठेवलेली एक घडीची बाबागाडी होती, बस्स. "मावशी, माझं नाक," मुलगी म्हणाली आणि तोंड वर करून डोळे मिटून उभी राहिली. त्यानं खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, आणि ती आल्या वाटेनं ठोकळ्यांकडे निघून गेली. तिच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. या घरात जे माणूस नाक पुसतं ती मावशी, इतकं ते सरळ होतं. तो मात्र रुमाल हातात धरून तसाच उभा राहिला. एक्कावन्न वर्षांचा, भरघोस मिशीचा, सव्वीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात घासलेला बाप्या माणूस. राग आला म्हणावं तर तसं नव्हतं. बरं वाटलं म्हणावं तर तेही धड नव्हतं. दाताला काहीतरी अडकावं आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जावी, तसं त्याचं मन त्या एका शब्दाकडे जाऊ लागलं. आणि तेही नेमकं आज. आज दहा वाजता परीक्षक बाई यायच्या होत्या. तास-दीड तास त्याचं काम बघून, नंतर तोंडी प्रश्न विचारून, बालसंगोपनाचं प्रमाणपत्र त्याला द्यायचं की नाही ते त्या ठरवणार होत्या.

तो इथे आला होता तो खुर्च्या दुरुस्त करायला. कारखाना बंद पडून चार महिने झाले होते, घरातल्या प्रत्येक बिजागरीला त्याचं दोनदा तेल घालून झालं होतं, आणि त्याची बायको, इस्पितळात नर्स असल्यामुळे रिकाम्या बसलेल्या माणसाचं काय होतं ते पुरतं ओळखून, म्हणाली होती की आमच्या वॉर्डातल्या एकीच्या ओळखीचं पाळणाघर आहे, त्यांच्या खुर्च्या मोडल्यात, जा जरा. गुडघ्याएवढ्या उंचीच्या अकरा खुर्च्या. अकरावीला तो शेवटचा स्क्रू पिळत होता तेव्हा ऑफिसातला फोन वाजला, आणि पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी कडेवरचं सात महिन्यांचं मूल सरळ त्याच्या हातात दिलं. "धरा जरा," एवढंच म्हणाल्या. फोन लांबला. मूल आधी त्याच्या मिशीकडे संशयानं बघत राहिलं, मग त्यानं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं आणि झोपून गेलं. त्याला हलता येईना. पाऊण तास तो तसाच उभा राहिला, एक पाय अवघडून मुंग्या येईपर्यंत, आणि त्याच्या शर्टावर लाळेचा ओला गोल हळूहळू मोठा होत गेला. दुसऱ्या दिवशी तो दाराची कडी बघायला आला. तिसऱ्या दिवशी नळ. चौथ्या दिवशी कारण सुचलं नाही, तरी आला. "एवढ्या आहेत तरी किती खुर्च्या त्यांच्याकडे?" बायकोनं विचारलं होतं, आणि त्याच्या शर्टाचा खांदा बघून पुढचं विचारायचं सोडून दिलं होतं.

मग तीन वर्षांनी नियम आला. प्रमाणपत्राशिवाय मुलांच्या खोलीत कोणी काम करायचं नाही. चारशे ऐंशी तासांचं काम, दर शनिवारी दुपारी वर्ग, सहा निबंधांची फाइल, पालकांचे अभिप्राय, आणि शेवटी परीक्षक. वर्गात एकोणतीस बायका आणि तो. पहिल्या शनिवारी रबरी बाहुलीला अंघोळ घालून दाखवायची होती. त्याची पाळी आली तेव्हा मागच्या बाकांवरच्या सगळ्या पुढे येऊन उभ्या राहिल्या, जणू गारुड्याचा खेळ. त्यानं बाहुलीची मान डाव्या मनगटावर तोलली, कोपरानं पाणी बघितलं, मानेच्या वळीतून बोट फिरवलं, आणि कोरडं करताना नकळत "झालं हं, झालं," असं तिला म्हणाला. कोणी हसलं नाही. एका बाईनं फक्त दीर्घ उसासा सोडून म्हटलं, "आमच्या घरचे महाशय एकदा तरी असं करतील तर!" त्यावर मात्र सगळा वर्ग फुटला. त्या दिवसापासून तो तिथला काका झाला.

त्याला खुपत होता तो तिसरा निबंध. "आपण अगदी जवळून पाहिलेल्या एका बाळाचं पहिलं वर्ष." त्यानं मुलीवर लिहिलं होतं. स्वतःच्या मुलीवर, जी आता चोवीस वर्षांची होती, दुसऱ्या शहरात नोकरी करत होती आणि दर रविवारी फोन करून "बाबा, तुमची गँग काय म्हणते?" असं विचारायची. लिहायला बसला तेव्हा पेन कसं भराभर धावलं होतं. पहिला दात, पहिलं "बा", आणि मग ते पहिलं पाऊल: रविवारची सकाळ, कपाटापासून पलंगापर्यंतची जागा, "मी हात पुढे केला आणि ती माझ्याकडे आली." शिक्षिकेनं समासात लाल शाईनं "सुरेख" असं लिहिलं होतं. तो शब्द बघून त्याचे कान तापले होते. कारण त्या वर्षी तो कुठे होता? सकाळी सहाच्या पाळीला जायचा, ओव्हरटाइम करून यायचा, रविवारीसुद्धा. घरी यायचा तेव्हा मुलगी झोपलेली असायची. दिवस कसा गेला ते बायको सांगायची आणि तो जेवता जेवता ऐकायचा. रविवार, कपाट, पलंग, हे सगळं तिनं सांगितलेलं. त्यानं त्यात फक्त स्वतःचा हात घातला होता. तेवढ्यानं काय होतं, असं त्यानं स्वतःला कितीदा तरी समजावलं होतं. मुलगी कोणाची आहे? माझीच ना? पण आज सकाळपासून, त्या मुलीनं नाक पुसून घेतल्यापासून, ते समजावणं लागू पडत नव्हतं. जी मुलं परक्यांची त्यांची नाकं त्याला पाठ होती. कोणाचं डावं जास्त वाहतं इथपर्यंत. आणि घरच्या मुलीचं?

दहाला पाच कमी असताना परीक्षक बाई आल्या. पस्तिशीच्या, कानामागे पेन्सिल खोचलेल्या, चेहऱ्यावरून काही कळू न देणाऱ्या. "मी नाहीच आहे असं समजा," असं म्हणून त्यांनी त्या अकरा खुर्च्यांतली एक ओढली आणि बसल्या, तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले. मुलांना अर्थातच तसं समजता आलं नाही. सकाळचीच मुलगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू मोठी आहेस, तुटेल." "नाही तुटणार," तो घाईनं म्हणाला, "मी बसवलीय," आणि मग आपण परीक्षक बाईंच्या वजनाबद्दल बोललो असं वाटून तो पाण्याची भांडी मांडायला वळला.

पाणी आणि स्पंज, असं त्यानं कागदावर लिहून दिलं होतं. एका पसरट भांड्यातून दुसऱ्या भांड्यात स्पंजानं पाणी न्यायचं. बोटांची ताकद, हात-डोळा मेळ, आपापली पाळी. पाच मुलं. तीन मिनिटांत एकानं स्पंज चोखायला घेतला, दुसऱ्यानं भांड्यात पाय घातला, जुळ्यांनी एकच स्पंज दोन्ही टोकांनी ओढायला सुरुवात केली, आणि हात-डोळा मेळ राहिला बाजूला. तो जमिनीवर मांडी घालून बसला, पँट ओली होऊ दिली, आणि जे होईल ते होऊ दिलं. एवढं त्याला आता कळत होतं.

पाचवा होता मेजर. तेरा महिन्यांचा. पाठ ताठ करून बसायचा आणि सगळ्यांकडे असा बघायचा, की जणू तुकडीची पाहणी चाललीय, म्हणून मेजर. त्याची आई त्याला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा दारात काकाच उभा होता. त्यानं हात पुढे केले आणि तिनं मूल एकदम छातीशी घट्ट धरलं. "इथे... बाई कोणी नाहीत का?" तिचा आवाज उद्धट नव्हता, घाबरलेला होता. "आहेत ना, बोलावतो," म्हणून तो आत गेला, मोठ्या बाईंना पाठवलं आणि स्वतः मोरीत जाऊन आधीच धुतलेले पेले पुन्हा धुवत बसला. त्याला वाईट वाटलं, पण तिचं चुकलं असं वाटलं नाही. आपल्या मुलीला असं कुणाच्या हातात देताना आपणही दचकलो असतो, असं त्याला वाटलं, आणि मग आठवलं की आपण तिला कुणाच्या हातात दिलीच नव्हती, ते बायको करायची. नऊ दिवस त्यानं मेजरला हात लावला नाही. दहाव्या दिवशी मेजर स्वतःच रांगत आला, त्याच्या मांडीवर चढला आणि तिथून पाहणी करू लागला. आई ते दाराच्या काचेतून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं मेजरची पिशवी त्याच्या हातात दिली.

मेजर चालत नव्हता. बरोबरीची मुलं चालू लागली होती, डॉक्टर थांबा म्हणत होते, आणि आई रोज संध्याकाळी हसत हसत, डोळ्यांत मात्र न हसता विचारायची, "आज तरी?" आता मेजर खेळण्यांच्या मांडणीची फळी धरून उभा होता. समोर, हातभर अंतरावर, जुळ्यांच्या भांडणातून उडालेला एक स्पंज पडला होता. मेजरनं स्पंजाकडे बघितलं. फळीवरचा एक हात सोडला. मग दुसरा. काकाचे हात आपसूक उठत होते. त्यानं ते जमिनीवर दाबून धरले, ओल्या फरशीवर, तळवे चिकटतील असे. हात दिसला की मूल हाताकडे झेपावतं. टाळी ऐकली की बसतं. श्वाससुद्धा नको. एक पाऊल. दुसरं. तिसरं पाऊल म्हणजे अर्धं पडणंच होतं, पण ते पुढच्या दिशेनं होतं. मेजर दणकन स्पंजासमोर बसला आणि त्यानं स्पंजाऐवजी स्वतःच्या पायाकडे बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं. "मिळाला का स्पंज?" त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं. मान वर केली तर परीक्षक बाईंची पेन्सिल थांबलेली होती आणि त्यांचा डावा हात तोंडावर होता.

तोंडी परीक्षा मुलं झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झाली. ताप आला तर काय, चावा घेतला तर काय, कोणतं मूल कोणाच्या हाती द्यायचं नाही. त्याला सगळं येत होतं. मग त्यांनी फाइल उघडली. "तुमचा तिसरा निबंध मला फार आवडला," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "मी हात पुढे केला आणि ती माझ्याकडे आली." पान तसंच उघडं ठेवून त्यांनी विचारलं, "आज मात्र तुम्ही हात पुढे केला नाहीत. का?"

उत्तर तयार होतं. तेव्हा मला कळत नव्हतं मॅडम, या अभ्यासक्रमामुळे कळलं. इतकं चपखल, की त्याचे गुणही मिळाले असते. ते जिभेवर आलंही होतं. आतल्या खोलीत कोणीतरी झोपेत खोकलं. त्याचं लक्ष तिकडे गेलं, खोकला कोणाचा ते त्यानं ओळखलं, पुढचा खोकला येत नाही याची खात्री केली, आणि परत मान वळवली तेव्हा ते उत्तर त्याला देववेना.

"मॅडम, तो हात खोटा आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी तिथे नव्हतो. कामावर होतो. बायकोनं सांगितलं ते लिहिलं आणि मी पाहिलं असं लिहिलं."

त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. मग त्यांनी निबंधाची चार पानं फाइलीतून सोडवली आणि त्याच्यासमोर ठेवली. "हा मला धरता येणार नाही. आज गुरुवार. सोमवारपर्यंत दुसरा द्या. नाहीतर फाइल अपुरी म्हणून परत जाईल आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळं." "पण जवळून पाहिलेलं बाळ..." "ते तुम्हीच ठरवा. पाहिलंत तेवढंच लिहा." त्यांचा आवाज कोरडा होता, पण रागावलेला नव्हता. बॅग भरता भरता त्यांनी विचारलं, "मेजरच्या आईला आता फोन कराल?"

"नाही. मोठ्या बाईंचा तसा दंडकच आहे. पहिलं पाऊल, पहिला शब्द, आपण पाहिला तरी पाहिला नाही म्हणायचं. तो आईबापांनी घरी पाहायचा. एक-दोन दिवसांत दिसतोच त्यांना. त्यांच्यासाठी तोच पहिला."

"असं सगळीकडे करतात?"

"चांगल्या ठिकाणी करत असावेत."

त्या हसल्या. "माझी दीड वर्षांची आहे. पाळणाघरातच असते. ती मात्र घरीच चालली पहिल्यांदा. रविवारी, माझ्यासमोर." बॅगेची चेन अर्ध्यावर आली होती. "रविवारी," त्या पुन्हा म्हणाल्या, पण या वेळी वेगळ्या आवाजात. त्यानं उगाचच उठून टेबलावरचे पेले उचलले.

संध्याकाळी मेजरची आई आली. "आज तरी?" नेहमीचं हसू. त्याच्या जिभेला नुसती कंड सुटली होती. "जेवला सगळं. पन्नास मिनिटं झोपला. पाण्यात खेळला, म्हणून शर्ट बदललाय." "बाकी?" "बाकी मजेत." तिनं मान हलवली. ती पायऱ्या उतरायला लागली तेव्हा त्याला राहवेना. "ताई, आज घरी जरा वेळ खाली सोडा त्याला. बूट-मोजे काढून. पायाला फरशी लागू दे."

घरी बायको कोबी चिरत बसली होती. त्यानं चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: निबंध, खोटा हात, सोमवार. "तेवढ्यावरून अडवलं?" ती म्हणाली. "नाही, बरोबर आहे त्यांचं. तू पाहिलेलं मी माझ्या नावावर घातलं." विळीवरचा तिचा हात थांबला. परीक्षक बाईंची ती अर्ध्यावर राहिलेली चेन त्याला आठवली, आणि काय विचारतोय हे नीट कळायच्या आत तो विचारून बसला, "तू पाहिलंस ना?"

"अहो," ती म्हणाली आणि कोबीची पानं उगाच सारखी करू लागली. "त्या रविवारी मी कपडे वाळत घालत होते. मागून पावलं वाजली म्हणून वळले तर ही आतल्या खोलीतून चालत आली. उंबरा ओलांडून, न धरता. मी नर्स आहे हो. पहिल्या पावलाला कोणी उंबरा ओलांडतं का? चार-पाच दिवस तरी चालत असणार ती."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? खालच्या काकूंकडे. मी ड्यूटीवर गेले की दिवसभर तिथेच तर असायची. मी तशीच खाली गेले विचारायला. तर काकू काय म्हणाल्या माहितीय? 'अगं बाई, चालली? आमच्याकडे तर साधी उभी राहत नाही गं लबाड!' आणि चेहरा इतका सरळ, की मी अर्धा दिवस विश्वास ठेवला. मग मात्र मोरीत जाऊन पोटभर रडले."

"आणि मला कपाट, पलंग..."

"तुम्ही दमून आला होतात. 'पहिलं पाऊल कसं टाकलं गं?' म्हणून विचारलंत. आता तुम्हाला काय, उंबऱ्याचं सांगू? नीट पहिल्यापासून सांगितलं." ती पुन्हा चिरू लागली. "मीसुद्धा ते इतक्यांदा सांगितलं, की आता मला दिसतं."

तो खुर्चीवर बसला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला खालच्या काकूंचं दार स्वच्छ दिसलं: पोपटी रंगाचं, खालून मुलांनी खरवडलेलं. पुढे मुलगी जरा मोठी झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी कधीतरी तो तिला आणायला जायचा, तेव्हा त्या पदराला हात पुसत दार उघडायच्या आणि रोजचंच वाक्य म्हणायच्या, "छान राहिली हो आज." तो मुलीला घ्यायचा आणि जिना चढायचा. कधी विचारलं नाही, छान म्हणजे कशी? त्यांना ते सगळं माहीत होतं. दात, ताप, "बा", ती पावलं. सगळं दाराआड ठेवून त्या वरच्या मजल्यावर जिन्यानं नव्या करकरीत गोष्टी पाठवत राहिल्या, आणि वर कोणी तरी म्हणत राहिलं, आज आमच्यासमोर पहिल्यांदा. त्या जाऊन आता बारा वर्षं झाली होती. हसू येत होतं, आणि डोळेही भरत होते, आणि कोबीचं निमित्तही सांगता येईना. "कांदा तरी चिरायचास," तो म्हणाला. तिनं मान वर न करता त्याच्याकडे रुमाल टाकला.

नवा निबंध दीड पानांचा झाला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "पहिल्या वर्षी मी माझी मुलगी झोपलेलीच पाहिली." मग त्यानं खरोखर पाहिलेलं तेवढं लिहिलं: झोपेत ती डावी मूठ कानाशी ठेवायची, स्वप्न पडलं की तिच्या पायाचा अंगठा आधी हलायचा आणि मग ओठ, हाताला यंत्राच्या तेलाचा वास यायचा म्हणून तो तिला उचलायचा नाही, फक्त बोटाची पाठ तिच्या तळपायाला लावून बघायचा, गरम आहे ना. उरलेल्या अर्ध्या पानात त्यानं लिहिलं की बाकीचं वर्ष एका शेजारणीनं पाहिलं आणि आम्हाला कळू दिलं नाही. शिक्षिकेनं त्यावर काहीच शेरा लिहिला नाही. प्रमाणपत्र सात आठवड्यांनी आलं. छापील "श्रीमती"मधला "मती" कोणीतरी निळ्या पेनानं खोडला होता, आणि बायकोनं ते तसंच काचेत बसवून आणलं.

पण ते सगळं पुढचं. त्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारी सकाळी, तो दार उघडतच होता, तर मेजरची आई नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी येऊन पायरीवर उभी. केस ओले, एका खांद्यावरून पर्स घसरलेली. "काका!" ती जवळजवळ ओरडली. "चालला! काल घरी चालला!"

"काय सांगता!" तो म्हणाला. "किती पावलं?"

"दोन! पूर्ण दोन! तुम्ही म्हणालात तसं बूट काढून खाली सोडलं आणि मी नुसती बसले होते. माझ्याकडे आला, काका. सरळ माझ्याकडे." आणि मग, लाजल्यासारखी, "म्हटलं, पहिल्यांदा तुम्हाला दाखवू." ऑफिसची वेळ झाली होती, पण तिनं मेजरला आतल्या फरशीवर फळीपाशी उभं केलं, स्वतः चार हात मागे सरकून गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात लांब पसरले. मेजरनं फळी धरली, दोघांची पाहणी केली आणि ढिम्म हलला नाही. "आता नाही करणार," ती कळवळून म्हणाली. हात मागे घ्या, ताई, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. ते त्यानं गिळलं. "करेल हो," तो म्हणाला आणि मांडी घालून तिच्या शेजारी जमिनीवर बसला, "आपल्याला कुठे घाई आहे."